क्लचवरचा पाय

गाडीत काहीतरी मोठा बिघाड निघावा, अशी जानरावांची सकाळपासून इच्छा होती. गॅरेजच्या दारात उभं राहून असलं मागणं कोणी शहाणा माणूस मागत नाही. पण जानराव येरझारा घालत होते, घड्याळ बघत होते आणि क्लचची प्लेट जळलेली निघू दे, केबल तुटायला आलेली निघू दे, अगदी गिअरबॉक्स गेला तरी चालेल, असं मनातल्या मनात घोकत होते.

दुपारच्या रेल्वेनं त्यांची लेक मंजुषा जऊळका स्टेशनवर उतरणार होती. बाळंतपण तिकडे सासरीच झालं, आता तान्ही पोर घेऊन ती पहिल्यांदा माहेरी येत होती. नातीला घरी मीच आणणार आणि माझ्याच गाडीतून आणणार, हे जानरावांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली, रस्त्यावरच्या कोंबडीलाही कधी धक्का लागला नाही, हेही ते अनोळखी माणसाला सुद्धा ऐकवत. कोणी विचारायची वाट बघत नसत.

आणि नेमकं आत्ता त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीनं नखरे सुरू केले होते. चढावर इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही, आत जळका वास भरायचा. काल तर रेल्वे फाटकापाशी हद्दच झाली. जानरावांनी क्लच दाबला, निदान त्यांना तसं वाटलं, आणि गाडी झटका देऊन पुढे गेली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागता लागता राहिली. शेजारी त्यांची बायको विमलबाई बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या. "गाडी दुरुस्त झाल्याबिगर माही नात तिच्यात बसणार नाई."

म्हणून आज शफीकचं गॅरेज.

"तू हिवाळ्यात टाकलेली प्लेटच नकली असंन," जानराव म्हणाले.

शफीकचे हात थांबले. तो त्यांचा जुना मित्र, पण मालाला नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. "डब्बा तुमच्यासमोर खोलला होता, जानरावभाऊ. बसा आता गुमान."

गुमान बसणं जानरावांच्या स्वभावातच नव्हतं. ते शफीकच्या मागे मागे फिरत राहिले. शफीकनं हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडला. क्लच खराब असला की अशा वेळी इंजिन नुसतं फिरत राहतं. गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं. ह्याचा अर्थ जानरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"क्लच पकडते," शफीक म्हणाला.

"गरम झाल्यावर सोडत असंन."

"चला, गरम करून पाहू."

फाटकापर्यंत शफीकनं चालवली. गाडी शहाण्या पोरीसारखी गेली, वास नाही की झटका नाही. परतताना त्यानं जानरावांना स्टिअरिंगवर बसवलं, आणि गॅरेज यायच्या आतच तो जळका वास आला. जानरावांना इतका आनंद झाला की ते जवळजवळ हसले. "आला ना? म्या काय म्हनत होतो?"

शफीक हसला नाही. त्यानं इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट उघडलं आणि गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या दांडीवर बोट ठेवून वाकून उभा राहिला. पाय दाबला की केबल ती दांडी ओढते, पाय उचलला की दांडी मागे येते.

"दाबा."

जानरावांनी दाबला.

"सोडा."

"सोडला."

"सोडा म्हनतो ना, भाऊ."

"अरे सोडला, सोडला! किती खेपा सांगू?"

शफीकनं त्यांना खाली उतरवलं, दांडीपाशी उभं केलं आणि स्वतः आत जाऊन बसला. त्यानं पाय दाबला, दांडी ओढली गेली. पाय सोडला, दांडी सरळ मागे येऊन टेकली. त्यानं पुन्हा केलं. जानराव दांडीकडे बघत राहिले. ती दर वेळी तितकीच मागे येत होती.

"चहा घेऊन येतो," असं म्हणून ते तरातरा रस्त्यापलीकडच्या टपरीकडे निघाले.

टपरीसमोर ते चहाचा ग्लास धरून उभे राहिले. क्लचवर पाय ठेवून प्लेट जाळणारा ड्रायव्हरच नव्हे, असं त्यांनी शिकाऊ पोरांना आयुष्यभर बजावलं होतं. मंजुषाला गाडी शिकवताना तर ते हातात पट्टी घेऊन बसायचे, तिचा पाय पेडलवर रेंगाळला की गुडघ्यावर पट्टी. आणि शुगर तपासणाऱ्या डॉक्टरनं मागल्या महिन्यात तळपायाला सुई टोचून, समजते का, असं विचारलं, तेव्हा त्यांनी चोरून सुईकडे पाहिलं होतं. सुई टेकली की समजते म्हणायचे. डॉक्टर फसला होता. त्या दिवशी ह्याची त्यांना मोठी मौज वाटली होती.

शफीक रस्ता ओलांडून आला. त्याच्या एका हातात गाडीची किल्ली होती आणि दुसऱ्या हातात चप्पल.

"पेडलखाली पडेल होती," तो म्हणाला.

जानरावांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय भर उन्हातल्या डांबरावर उघडा टेकला होता. ह्याच पायानं ते गॅरेजपासून इथवर आले होते. आजूबाजूची कुत्री सुद्धा सावली धरून बसली होती.

"गाडी चांगली हाये, भाऊ," शफीक म्हणाला. आवाज अगदी हळू होता. ह्याहून वाईट बातमी तो देऊ शकला नसता.

"विमलले सांग प्लेट गेली म्हनून. चार दिवस गाडी इथंच ठेव."

"अन् चार दिवसानं?"

जानरावांनी डोळ्यांनी बघून बघून चप्पल पायात घातली.

स्टेशनवर शफीकच त्यांना त्यांच्या गाडीतून घेऊन गेला. रेल्वे वेळेवर आली, म्हणजे नको तेव्हा. मंजुषा बॅग सांभाळत बाहेर आली, खांद्यावरच्या पोरीला म्हणाली, "थे पाह्य, आजोबा. आता आजोबा आपल्याले गाडीतून नेतीन." शफीकनं बॅग मागे ठेवली आणि तो बाजूला झाला. किल्ली गाडीलाच होती. स्टिअरिंगकडचं दार उघडं होतं.

जानराव त्या दारापाशी गेले. दारावर हात ठेवला. घर काही फार लांब नव्हतं, वाटेत चढही एकच. जपून चालवली तर कोणाला काय कळणार होतं? त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला, त्या पायाचा, डॉक्टरचा, ह्या न बिघडलेल्या गाडीचा. मग काल ट्रॉलीचं मागचं फळकूट काचेसमोर किती मोठं दिसलं होतं ते त्यांना आठवलं.

"मंजू," ते म्हणाले, "तू चालव. मले डावा पाय समजत नाई."

मंजुषानं त्यांच्या पायाकडे पाहिलं. "कधीपासून, बाबा?"

"लय दिवस झाले. पोरगी दे इकडं."

ते मागे बसले, मांडीवर दुपटं नीट केलं. मंजुषानं गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि त्यांच्यासोबत चालवताना शिकत होती तेव्हापासून म्हणायची तसं सवयीनंच म्हणाली, "क्लचवरून पाय काढला, बाबा."

मांडीवरच्या पोरीनं दुपट्यातून पाय बाहेर काढून जानरावांच्या पोटात एक सणसणीत लाथ मारली. ती त्यांना चांगली समजली. त्यांनी तो तळवा मुठीत धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.