शेऱ्याचा रकाना

“फोन न्यायचा तर खुशाल ने,” हजेरीताई म्हणाल्या, “पण अकरा वाजता कुणीतरी बोलायला हवं गं. मेसेजमधून माणसाचा आवाज ऐकू येत नाही.”

पासवर्डबाई तेव्हा त्यांच्या टेबलाखाली ओणवी होऊन टेलिफोनची वायर सोडवत होती. “हो ताई, हो,” असं ती म्हणाली, पण सासूबाईंना म्हणतात त्या सुरात. ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

पासवर्डबाई हे काही तिचं नाव नव्हे. अडतीस शाळांचा कारभार बघणाऱ्या शिक्षण कार्यालयात ती तंत्रज्ञान विभागात होती. या विभागात तिघंच जण: साहेब, ती आणि एक सर्व्हर. एसी फक्त सर्व्हरला होता. अडतीस शाळांमधले नऊशे शिक्षक दर सोमवारी सकाळी आपापला पासवर्ड विसरून यायचे आणि तिला फोन लावायचे. त्यातून हे नाव पडलं. नोकरी दर वर्षी नव्यानं करारावर सही होणारी. मुलगी पहिलीत, कार्यालयाच्याच आवारातल्या शाळेत. मुलगी फाटकातून आत गेल्याची नोंद पडद्यावर उमटेपर्यंत रोज सकाळी तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्याच शाळेच्या ऑफिसात हजेरीताई सव्वीस वर्षं होत्या. दहा वाजता सगळ्या वर्गांची हजेरी त्यांच्या टेबलावर यायची आणि त्या गैरहजर मुलांच्या घरी एकेक फोन लावायच्या. अकराच्या आत संपवायचे, हा त्यांचा नेम.

“काय हो, पोट दुखतंय म्हणता, मग मागे ते कार्टून कोण बघतंय? त्याचं पोट?”

“ताप किती? मोजला की हात लावून सांगताय?”

असं बोलून झालं की रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं दोन शब्द लिहायच्या आणि पुढचा नंबर फिरवायच्या.

मग यंत्र आलं. यंत्र म्हणजे दिसायला काहीच नव्हतं, एका बाहेरच्या कंपनीची प्रणाली होती. ती हजेरी वाचणार, कुठलं मूल का येत नाही याचा अंदाज बांधणार आणि गरज असेल तिथे पालकांना आपणहून कळवणार. कार्यालयाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या मॅडम, बैठकीत म्हणाल्या होत्या, “एका शाळेत ताई आहेत म्हणून फोन जातात. बाकीच्या सदतीस शाळांतल्या मुलांनी कुणाचं घोडं मारलंय?” पासवर्डबाईला ते मनापासून पटलं होतं. ताईंची रवानगी वह्या-खडूंच्या भांडारात झाली आणि शाळेच्या नंबरावर ध्वनिमुद्रित आवाज बसला: प्रवेशासाठी एक दाबा, दाखल्यासाठी दोन दाबा.

पहिल्या महिन्यात यंत्रानं नुसता धुमाकूळ घातला. रोज चारचारशे मेसेज. “अहो, सुट्टीचा अर्ज मीच दिलाय आणि मलाच कसलं कळवताय?” म्हणून पालक कावले.

“शिकवा त्याला,” साहेब म्हणाले. “कुठली गैरहजेरी नेहमीची, ते त्याला एकदा कळू दे. मागच्या तीन वर्षांची रजिस्टरं त्यात भरा.”

पासवर्डबाई रजिस्टरं भरायला बसली आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी अडखळली. घराघरातल्या गोष्टी होत्या तिथे. कुणाचे वडील घर सोडून गेलेले, कुणाची आई आजारी. पानं उलटताना आपल्या मुलीचं बालवर्गातलं नावही सापडलं. शेरा होता: ‘दमा. आई फार घाबरते. धीर दिला.’

तिला हसू आलं आणि पाठोपाठ धस्स झालं. हे कुठल्याशा कंपनीच्या कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन पडणार? ती तडक साहेबांकडे गेली.

“बरोबर आहे तुमचं,” साहेब म्हणाले. सुरक्षिततेच्या बाबतीत ते कडक होते. “घरची माहिती बाहेर जाता कामा नये. उडवा तो रकाना.”

तिनं उडवला. त्या दिवशी तिला स्वतःचा जरा अभिमानच वाटला.

त्यानंतर यंत्र एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. मेसेज चारशेवरून तीसवर आले. मुख्याध्यापक खूश, साहेब खूश. पासवर्डबाईला मात्र एक किडा वळवळायला लागला. यंत्र ज्यांच्याबद्दल बोलतं ते कळलं. पण ज्यांच्याबद्दल बोलत नाही, ती मुलं कोण? घरात लेक फार वेळ गप्प बसली की ती हातातलं काम टाकून बघायला जात असे. तशीच ही उत्सुकता.

एका शुक्रवारी, काम थोडं कमी होतं तेव्हा, तिनं आवारातल्या शाळेची ती यादी उघडली. वर लिहिलं होतं, ‘कळवण्याची गरज नाही’. खाली बावन्न नावं. पंधराव्या नावापाशी ती थांबली. चौथीतली मुलगी, मंगळवारपासून गैरहजर, आज चौथा दिवस. कारणाच्या जागी यंत्रानं म्हटलं होतं, ‘नेहमीप्रमाणे. खात्री: चौऱ्याण्णव टक्के’.

नेहमीप्रमाणे म्हणजे काय? चौथीतली मुलगी नेहमी चार-चार दिवस जाते तरी कुठे?

तिनं नाव कागदावर उतरवलं आणि जिना उतरून भांडारात गेली. ताई खडूंची खोकी रचत होत्या.

“ये गं बाई. कुणाचा पासवर्ड हरवला?”

“ताई, ही मुलगी आठवते?”

ताईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. “न आठवायला काय झालं? आजोबा आणि नात, दोघंच राहतात. आजोबांचा दवाखाना सुटत नाही, मग ही पोर सोबत जाते. ते कपाट उघड, खालचा खण.”

जुनी रजिस्टरं तिथेच होती. पासवर्डबाई जमिनीवर बसून पानं उलटू लागली. यंत्राचं खोटं नव्हतं. मुलगी खरंच महिन्या-दोन महिन्यांनी तीन-चार दिवस गैरहजर असायची. पण प्रत्येक वेळी पुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘आजोबांना दवाखान्यात नेलं. बोलले. ठीक.’ ‘आजोबांना ताप. बोलले. ठीक.’ एका ठिकाणी: ‘फोन लागला नाही. मधल्या सुट्टीत जाऊन आले. ठीक.’

तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं. तिनं यंत्राला ‘गैरहजर’ तेवढं दिलं होतं. ‘बोलले’ दिलंच नव्हतं.

“ताई, या वेळी कुणी बोललंच नाहीये हिच्याशी.”

“मग लाव की फोन. माझ्याकडे कुठलाय? तूच नेलास.”

तिनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

“शाळेतून का?” बारीक आवाज.

ताईंनी तिच्या हातातून मोबाइल घेतला. “हो बाळा, मी शाळेतली बाई. काय झालं? आली नाहीस ती?”

“तुमचा फोनच आला नाही,” मुलगी म्हणाली. “आजोबा पडले ना, मोरीत. मला म्हणाले, शाळेतून येईल फोन, तेव्हा सांग. मग त्यांना बोलता येईना. मी रोज अकरा वाजता फोन घेऊन बसले. काल मीच लावला शाळेत, तर ती बाई म्हणाली एक दाबा. मी दाबलं. मग दोन पण दाबलं.”

“हुशार माझी ती. आजोबांच्या कानाला लाव बरं.”

थोडी खुडबूड झाली. मग मोबाइलमधून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. ताईंचा चेहरा बघून पासवर्डबाई उठून उभी राहिली. ताई चपला शोधत होत्या.

घर दोन गल्ल्या पलीकडे, बंद असलेल्या शिंप्याच्या दुकानावर. दार मुलीनं उघडलं. अंगावर शाळेचाच गणवेश होता. आजोबा जमिनीवरच्या गादीवर होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. उशाला वाटीत दुधात भिजवलेला पाव. अंगावरचं पांघरूण चारी बाजूंनी नीट खोचलेलं. चार दिवस एका नऊ वर्षांच्या पोरीनं ते घर चालवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कधी झालं हे?”

“मंगळवारी,” मुलीनं सांगितलं.

डॉक्टरांनी पोरीकडे बघितलं आणि ताईंना बाहेर यायची खूण केली. बाहेर आल्यावर ताईंना एवढंच म्हणाले, “जीव वाचला. बोलणं आता यायचं नाही. त्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित.”

सोमवारी बैठक झाली. कंपनीचा माणूस पडद्यावरून बोलत होता. “प्रणालीनं मिळालेल्या माहितीप्रमाणे अचूक काम केलंय, मॅडम.”

“मग चुकलं कुणाचं?” मोठ्या मॅडमनी विचारलं.

साहेबांना अचानक आपल्या पेनाच्या टोपणात काहीतरी दिसलं. पासवर्डबाईनं मनातल्या मनात हिशेब मांडला: पुढच्या महिन्यात करार, मुलीचा दम्याचा पंप, घरभाडं.

“शेऱ्याचा रकाना मी उडवला, मॅडम.”

“मी सांगितल्यावर,” साहेब पेनाकडे बघत पुटपुटले. तेवढं म्हणायलाही त्यांना जड गेलं असणार.

मॅडम पासवर्डबाईकडे वळल्या. “म्हणजे तो कंपनीला पाठवायला हवा होता?”

“नाही मॅडम. पाठवायचा नव्हताच. इथं कुणीतरी वाचायला हवा होता.”

यंत्र राहिलं. अडतीस शाळांना ते लागणारच होतं. पण ज्यांच्याबद्दल यंत्र गप्प बसेल, त्यांच्या घरी रोज अकराच्या आत माणसानं फोन करायचा, असं ठरलं. ती माणसं तयार करायला ताईंना भांडारातून वर आणलं. “यात शिकवायचं काय?” असं फोनवर बसवलेले लिपिक कुरकुरले. ताई म्हणाल्या, “का आली नाही, हे आधी विचारू नका. आधी जेवलीस का विचारा. बाकीचं आपोआप बाहेर येतं.” पासवर्डबाईचा करार वाढला, पण वर्षाऐवजी तीनच महिन्यांसाठी. आजोबा आणि नात आत्याकडे राहायला गेली. आजोबा डाव्या हातानं खुणा करतात आणि नात त्या सगळ्यांना समजावून सांगते, असं आत्यानं कळवलं.

त्या वर्षाअखेरीस ताई निवृत्त झाल्या. पुढे दीडएक महिन्यानं, एका रविवारी, पासवर्डबाईला आठवण झाली म्हणून तिनं त्यांना फोन लावला. फोन खूप वेळ वाजला. ती ठेवणार, इतक्यात उचलला गेला.

“अगं तू होय! मला वाटलं, गजर झाला. माझ्याकडे कुणाचा फोन येत नाही ना.”

“आवाज बसलाय तुमचा, ताई. जेवलात का?”

ताई उत्तर द्यायच्या ऐवजी हसल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. पासवर्डबाईनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मुलीला म्हणाली, “चपला घाल गं. आपल्याला जायचंय.”

तुमच्या शाळेतही अशी एक बाई असेल, किंवा एखादे काका. तुम्ही आला नाहीत त्या दिवशी तुमच्या घरी त्यांचा फोन आला असेल. आता घरी बसून असतील. त्यांचा नंबर शोधा आणि आजच लावा. बराच वेळ वाजला तरी ठेवू नका.