इंजिनासाठी थंड हवा

आमच्या घरात दसऱ्यापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांना बोलायचं मात्र भरपूर असायचं, आणि ते सगळं माझ्यामार्फत जायचं. दोघं जेवायला समोरासमोर बसलेले, मध्ये वरणाचं भांडं, आणि हे मला सांगणार, "त्याले म्हणाव, मीठ इकडे सरकव." तो मीठ सरकवणार आणि मलाच सांगणार, "बाबाले सांग, सरकोलं." मी शोभाबाई, सेलूतल्या कापड दुकानदाराची बायको. पण त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं की काय करता, तर मी पोस्टात आहे असंच सांगितलं असतं.

यांचं नाव सदाशिवराव. मी ते तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही. भांडण झालं ते दुकानावरून. पोरानं, निकेशनं, भर गिऱ्हाइकासमोर म्हटलं की लुगडी-धोतरं घ्यायला आता कोण येतं, समोरचा अर्धा भाग मले द्या, मी गाड्यांचं सामान विकतो. सीट कव्हर, हॉर्न, टेप आणि गाडी जोरात पळावी म्हणून इंजिनाला लावायचं काहीबाही. यांनी हातातली मीटरपट्टी गादीवर ठेवली आणि गिऱ्हाइकाला पाणी दिलं. मुलाला काहीच उत्तर दिलं नाही. ते जे गप्प झाले ते झालेच. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण सांगते. पोरगा खरं बोलला होता, आणि खरं बोलायची जागा चुकला होता.

एप्रिलात पुण्याच्या मित्राकडून निकेशचं पार्सल आलं. आतमध्ये चकचकीत वाकडी नळी, रबराचे तुकडे, क्लिपा आणि चिवड्याच्या पुड्यासारखा निमुळता, लाल फिल्टर. "आई, हे कोल्ड एअर इनटेक," तो म्हणाला. आमच्याकडे तेव्हा जुनी एस्टीम होती. तिचं इंजिन म्हणे बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढतं आणि म्हणून चढावर दम टाकतं. ही नळी बसवली की तोंड पुढे दिव्याच्या मागे येणार, बाहेरची थंड हवा आत जाणार, गाडी भन्नाट पळणार.

"बाहेरची थंड हवा?" मी म्हटलं. "सेलूत? एप्रिलात?"

"आतल्यापेक्षा थंडच न वं. आत किती तापते, तुले काय मालूम."

गाडीचा एसी मागच्या उन्हाळ्यापासून बंद होता. म्हणजे इंजिनाला थंड हवा आणि आम्हाला खिडकीतून झळा. पण बोलले नाही. पोराच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा तजेला दिसत होता.

यांना निरोप दिला. यांनी कूलरकडे तोंड करून ऐकून घेतलं आणि अट घातली. मे महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, आर्वीला. "त्याले सांगजो, ते नळी लावून गाडी सेलूहून आर्वीले गेली न, रस्त्यात कुठी थांबली नाई, त समोरचं दुकान त्याचं. अन थांबली, त नळी भंगारात अन तो गादीवर. मंग दुकानाचं नाव काढाचं नाई."

"बाबाले सांग, मंजूर," निकेश दाराआडून म्हणाला. त्याने सगळं ऐकलेलंच होतं. तरी मी सांगितलं, कारण न सांगितलं तर दोघंही माझ्यावर चिडत.

रविवारी निंबाच्या सावलीत गाडी उभी राहिली. हर्षा, माझी मुलगी, हातात पाने-पक्कड घेऊन भावाच्या दिमतीला. आधी त्याने हवेचा मूळचा काळा डबा खोलला. त्याचे नट-बोल्ट मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले, कारण आमच्या घरात काढलेली वस्तू परत लागते हा माझा अनुभव आहे. एक नट इंजिनाच्या पोटात पडला. तो हर्षाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून, मासा धरावा तसा वर काढला. नळी बसली, क्लिपा आवळल्या, फिल्टर दिव्याच्या मागे कोपऱ्यात गेला. मग निकेशला सुचलं की इंजिनाची धग फिल्टरला लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा पाहिजे. परसात आमचा जुना, गंजलेला कूलर पडला होता. त्याचा हिरवा पत्रा त्याने कातरीने कापला, वाकवला आणि बसवला.

गाडी सुरू केली तर आवाज बदललेला. दाबलं की मोठ्याने श्वास ओढायची. गल्लीतली पोरं धावत आली. निकेश बोहल्यावरच्या नवरदेवासारखा हसत होता. आतून यांचा आवाज आला, "त्याले इचार, गाडीले दमा झाला काय?"

इथे यांच्या कूलरबद्दल सांगणं भाग आहे. होळी झाली की आमच्या भागात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात, पण आमच्याकडे तो एक सोहळाच असतो. वाळा हे स्वतः निवडून आणतात, स्वतः त्याच्या ताट्या, म्हणजे कूलरच्या जाळीत बसवायचे पडदे, बांधतात, दुसऱ्या कोणाला सुतळीला हात लावू देत नाहीत. दुकानातला यांचा कूलर सेलूत सगळ्यात थंड, असं लोकच म्हणतात. दुपारी कापड न घेता नुसतं बसायलाच माणसं येतात आणि यांना त्याचाच अभिमान. धंद्यात मागे पडलो असलो तरी थंडाव्यात आपल्याला कोणी हरवू शकत नाही, अशी यांची ठाम समजूत आहे.

तर हा माणूस एका दुपारी, निकेश नाही असं बघून, बॉनेट उघडून उभा राहिला. मी ओसरीवर पापड वाळत घालत होते.

"माह्या कूलरचा पत्रा याच्यात काऊन लावला त्यानं?"

"थंड हवा पाह्यजे म्हणे इंजिनाले."

"हाव, थंड हवा पाह्यजे हे समजलं." बराच वेळ ते वाकून बघत राहिले. "कूलरचा पत्रा लावला, कूलरसारखं तोंड काढलं. मंग ताटी कुठी हाये?"

"मले काय माहीत! त्यालेच इचारा न."

एवढं मी बोलले आणि ते आत गेले. जाताना पुटपुटले, "पोट्टं सारं काम अर्धवट करते." त्यालाच विचारा, हे त्या वर्षीचं आमच्या घरातलं सगळ्यात अवघड काम होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी धांदल. निकेश आंघोळीला, हर्षा आरशापुढे, मी आहेराच्या साड्या पिशवीत भरतेय. हे धोतर सावरत अंगणातून आले तेव्हा हात कोपरापर्यंत ओले आणि बोटांना सुतळी. मी समजले, निघायच्या आधी कूलर भिजवला असेल. रोजचंच होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून यांनी आदल्या दिवशी सलाइनची रिकामी बाटली नळीसकट मागून आणली होती, तीही मला जागेवर दिसली नाही. पण लग्नाला निघताना घरातली बाई बाटल्या मोजत बसत नाही.

हे पुढे बसले, निकेश गाडी चालवायला. मागे मी आणि हर्षा. "त्याले म्हणाव, निंघ आता."

पवनारच्या पुलापर्यंत गाडी ठीक होती. वर्धा सोडताना जरा अडखळल्यासारखी वाटली. निकेशने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. आर्वी रोडला लागल्यावर तिचा तो मोठा श्वास बारीक होत गेला आणि खोकला वाढत गेला. निकेशच्या मानेवरून घाम वाहत होता, तो उन्हाचा नव्हता. देवा, आर्वीपर्यंत ने, मग खुशाल बंद पड, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. खरांगण्याच्या पुढे चढ लागला. गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

हे समोर रस्त्याकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटलं होतं यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसेल. तसं काही नव्हतं. कपाळाला आठ्या होत्या, गणित चुकल्यावर पडतात तशा.

"त्याले इचार, काय झालं."

निकेशने बॉनेट उघडलं. आणि त्या रणरणत्या उन्हात, डांबर वितळलेल्या रस्त्यावर, वाळ्याचा गार, ओला वास आला. पहिल्या दिवशी कूलर लावल्यावर येतो अगदी तसा.

मी खाली उतरले. त्या लाल फिल्टरला वाळ्याची इवलीशी ताटी गुंडाळलेली होती. काय सुबक! कडा सारख्या कापलेल्या, सुतळीच्या गाठी दुकानातल्या कूलरला असतात तशाच. वर कोपऱ्यात सलाइनची बाटली तारेने टांगलेली, आणि तिच्या नळीतून थेंब थेंब पाणी वाळ्यावर पडत होतं, वाटेत वाळू नये म्हणून. इंजिन बिचारं हवेऐवजी सेलूच्या नळाचं पाणी पीत इथपर्यंत आलं होतं.

"आई, हे तर बा..." हर्षाने तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढला.

निकेश त्या गाठींकडे बघत उभा राहिला. त्या गाठी कोणाच्या आहेत हे सेलूतल्या कोणीही सांगितलं असतं. एक शब्द उच्चारला असता तर दुकान त्याचं होतं. खोट कोणाची हे समोर टांगलेलं होतं. मी वाट बघत होते. मला तो शब्द त्याच्या तोंडून हवाच होता, इतके महिने निरोप वाहून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

त्याने गाठी सोडल्या. कापल्या नाहीत, सोडल्या. वाळा आणि बाटली नेऊन डिकीत आहेराच्या पिशवीमागे ठेवली. फिल्टर झटकला, नळी पुसली, प्लग काढून सगळं दगडावर उन्हात मांडलं. मे महिन्यातल्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागणार. मग सगळं परत बसवून, आम्ही गाडीत बसल्यावर तो खिडकीशी आला आणि यांच्या डोक्यावरून मला म्हणाला, "आई, बाबाले सांग, माहीच फिटिंग चुकली. दुकानाचं राहू दे म्हणाव."

हा निरोप मी दिला नाही. मला इतका राग आला होता. पोरावर राग, नवऱ्यावर राग, त्या लाल फिल्टरवरही. यांनी ऐकलंच होतं. वास गाडीत अजून भरलेला होता आणि यांना नाक होतं.

गाडी खोकली आणि सुरू झाली. पुढचा सगळा चढ ती अशी चढली की मागचा ट्रक बघता बघता लहान झाला. त्याचं कौतुक करायची कोणाची हिंमत नव्हती.

आर्वीला पोचलो तर मंगलाष्टकं होऊन गेली होती. भाऊजींनी दारातच विचारलं, "काऊन जी सदाशिवराव, उशीर केला? गाडी बंद पडली काय?" हे म्हणाले, "अगोदर जेऊ द्या." आहेराच्या साड्यांना वाळ्याचा वास येतोय म्हणून माझ्या बहिणीने दोनदा नाक लावून पाहिलं आणि अत्तर कुठलं ते विचारलं.

पुरुषांची पंगत बसली. जागा कमी, त्यामुळे बाप-लेक शेजारी शेजारी आले. मी बुंदीचं टोपलं घेऊन वाढत होते. यांच्यासमोर आले तर हे पत्रावळीकडे बघून म्हणाले, "पाणी जास्त झालं काय?"

मला वाटलं मलाच विचारताहेत. मी म्हटलं, "बुंदीत कुठचं पाणी?"

"तुले नाई. याले इचारून राह्यलो."

निकेशचा घास हातात राहिला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, सवयीने. मी टोपल्याकडे पाहिलं. मग तो थेट यांच्याकडे वळला. "बाबा, पाणी टाकाचंच नव्हतं."

"मंग हवा थंड कशी होते?"

"थंड कराची नसते बाबा. नुसती बाहेरून घ्याची. पत्रा फक्त आडोशाले होता."

"आस्सं." यांनी वरणात भात कालवला. "मंग ते पयलेच नाई सांगाचं?"

"तुम्ही इचारलंच नाई."

यांनी दोन घास खाल्ले. मी बुंदी तशीच धरून उभी. मागून कोणीतरी ओरडलं, अवो बाई, इकडेबी वाढा.

"समोरच्या शटरची चाबी माह्याजवळ हाये," हे म्हणाले. "परवा घेऊन जाजो."

"पण बाबा, गाडी त थांबली होती न."

"गाडी कुठी थांबली?" यांचा आवाज पंगतभर गेला. "थांबोली म्या."

निकेशने मान खाली घातली. त्याच्या पत्रावळीवर टपकन काहीतरी पडलं, आणि हे तिकडे न बघता मला म्हणाले, "वाढ न वं त्याले, काय पाहून राह्यली?" मी दोघांना बुंदी वाढली. मग दोघं फिल्टरचं तोंड कुठल्या बाजूला असावं यावरून भांडायला लागले, मोठ्याने, एकमेकांशी. मी टोपलं घेऊन पुढच्या पानाकडे गेले. माझं पोस्ट त्या पंगतीत बंद झालं.