नाताळात वाकलेली रॅकेट

मित्रांनो, मी जुनी आहे, लाकडाची आहे आणि थोडी वाकडी आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी माझ्याकडे निरखून बघत बसायला नको. मी टेनिसची रॅकेट. डेन्मार्कातल्या स्वेनबोर्ग गावी, एस्त्रिद दामगोर हिच्या हातात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून, एकावर एक चिकटवून कारागिराने मला घडवलं. मेंढीच्या आतड्याच्या ताती ओढून बसवल्या. एकदा वाफेवर वाकलेल्या लाकडाला जन्मभर वाकायची खोड राहते, म्हणून त्याने माझ्यासोबत एक चौकट दिली. खेळ संपला की माझं तोंड तिच्यात घालायचं आणि चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे. एस्त्रिदने हे व्रत सात वर्षं मोडलं नाही.

सकाळी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावाचे फोन जोडायची. दुपारी मला सायकलच्या हँडलला अडकवून निघायची. हिवाळ्यात खेळ चालायचा तो लाकडी फरशीच्या हॉलमध्ये. तिथे चेंडू उसळत नाही, सुळकन घसरत येतो. त्यामुळे एस्त्रिदचा हात आखूड फिरायचा आणि तिचा संयम त्याहून आखूड होता. सात वर्षांत तिने मला तीनदा जमिनीवर आपटलं. तिन्ही वेळा चूक तिची होती आणि तिन्ही वेळा तिने माफी मात्र पंचाची मागितली.

ती जिंकली की चांदीचा चमचा मिळायचा. घरात इतके चमचे साठले की तिची आई पेत्रेआ म्हणायची, चमचे पुरे झाले, आता एखादी सुरी जिंकून आण. गावात कौतुक होतं. पण देशाच्या अंतिम सामन्यात समोर यायची कोपनहेगनची विबेके. एस्त्रिदचा खांदा हलला की चेंडू कुठे पडणार हे विबेकेला आधीच कळायचं. ओळीने पाच वर्षं ती जिंकली आणि पाचही वेळा जाळीपाशी येऊन एकाच सुरात म्हणाली, “फार छान खेळलीस.” हरलेल्या माणसाला याहून जास्त टोचणारं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मग १९५४ च्या जानेवारीतल्या सामन्यांचं पत्र आलं. जी जिंकेल तिला उन्हाळ्यात इंग्लंडला खेळायला पाठवणार होते. एस्त्रिद एकोणतीस वर्षांची झाली होती. पुढच्या वर्षी निवड करणाऱ्यांची नजर विशीतल्या पोरींकडे वळणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून तर कोणी बोलत नव्हतं.

आणि त्याच नाताळात पेत्रेआची दाबणी मोडली.

नाताळाला मांसाची गुंडाळी नाही असं घर आमच्याकडे नसतं. मांसाच्या पातळ थरावर कांदा, मिरी पसरून गुंडाळायचं, उकडायचं आणि दोन फळ्यांमध्ये स्क्रू आवळून दाबून ठेवायचं. पेत्रेआच्या दाबणीचा स्क्रू ऐन वेळी तुटला. तिने इकडेतिकडे पाहिलं. माझी चौकट दिसली. लाकडी, मजबूत, चार स्क्रू. वर-खाली पाव कापायच्या फळ्या ठेवल्या की काम झालं. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मला मात्र गारठा लागू नये म्हणून तिने शेगडीच्या मागे, सगळ्यांत उबदार कोपऱ्यात ठेवलं.

नाताळात एस्त्रिदने त्या गुंडाळीचे तीन तुकडे खाल्ले आणि यंदा फार सुबक दाबली गेली आहे असं आईला सांगितलं.

दोन जानेवारीला तिने मला उचललं. मी वाढायच्या डावासारखी वाकले होते.

“आई, हिची चौकट कुठे आहे?”

“फडताळात. गुंडाळीला लावलीय. अजून निम्मी शिल्लक आहे.”

एस्त्रिद खुर्चीत बसली. तिच्या मांडीवरच्या माझ्याकडे पाहून पेत्रेआही समोर बसली. मग म्हणाली, मी कोपनहेगनला येते, त्या निवडवाल्यांना सांगते की चूक मांसाची आहे, मुलीची नाही.

हॉल सांभाळणारा म्हातारा आक्सेल लाकडातला जाणकार. त्याने मला ओल्या फडक्यात गुंडाळलं, दाबलं, उलटंसुलटं केलं. एस्त्रिदने तोवर दोन उसन्या रॅकेटी वापरून पाहिल्या. दुसऱ्याचे बूट घालून पळाल्यासारखं होत होतं. शेवटी आक्सेलने मला तिच्या हातात परत दिलं.

“हे लाकूड आता सरळ होत नाही, पोरी. नऊ दिवस आहेत. तूच वाकडी हो.”

आणि ती झाली. पहिल्या दिवशी चेंडू भिंतीवर गेले, तिसऱ्या दिवशी आक्सेलच्या कॉफीत. चेंडू हाताच्या रोखापेक्षा दोन हात डावीकडे जायचा. नवव्या दिवशी ते दोन हात तिच्या अंगात मुरले होते.

अंतिम सामन्याला पेत्रेआ आली, मांडीवर तीच गुंडाळी घातलेल्या पावाचा डबा घेऊन. विबेके खांदा बघून उजवीकडे धावायची, चेंडू डावीकडे घसरून जायचा. पहिला सेट आम्ही घाबरून घालवला, दुसरा घेतला. जागा बदलताना विबेके म्हणाली, “आज तुझा हात एक सांगतो आणि चेंडू दुसरंच करतो.”

“हो. आमच्याकडे नाताळ झाला,” एस्त्रिद म्हणाली.

पण विबेके काही उगाच पाच वर्षं जिंकली नव्हती. तिसऱ्या सेटमध्ये तिने ते दोन हात मोजून घेतले आणि पाच-पाच अशी बरोबरी साधली. आता ती आधीच डावीकडे सरकून उभी राहू लागली.

तेव्हा एस्त्रिदने नऊ दिवसांत एकदाही केलं नव्हतं ते केलं. तिने मला मुठीत उलटं फिरवलं. आता माझा बाक दुसऱ्या बाजूला आला. चेंडू गेला उजवीकडे. विबेके डावीकडे उभी राहून त्याच्याकडे, जाणाऱ्या आगगाडीकडे पाहावं तसं पाहत राहिली. मग एस्त्रिद मला कधी सुलटं धरी, कधी उलटं. सात-पाच.

जाळीपाशी एस्त्रिदने घाईघाईने आधीच म्हणून टाकलं, “फार छान खेळलीस.” विबेके हसली, खरंखुरं हसली, आणि तिने मला हातात घेऊन डोळ्यांसमोर आडवं धरून पाहिलं. पेत्रेआने तिला पाव देऊ केला. तिने दोन खाल्ले.

उन्हाळ्यात एस्त्रिद नवी, सरळ रॅकेट घेऊन इंग्लंडला गेली. हिरवळीवर एक सामना जिंकली, एक हरली आणि आयुष्यभर पुरेल एवढं बोलत परतली. मी काही वर्षं कपाटामागे धूळ खाल्ली. चौकट पेत्रेआने परत दिलीच नाही. शेवटी आक्सेलने मला हॉलच्या भिंतीवर टांगलं.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जिथल्या तिथे ठेवा आणि शेगडीपासून लांब ठेवा. वाकडी रॅकेट जिंकते असा धडा माझ्यावरून घेऊ नका. वाकडी रॅकेट हरते. माझा बाक कोणीतरी नऊ दिवस घाम गाळून शिकून घेतला, म्हणून मी जिंकले. जपूनही एखादी वस्तू बिघडलीच, तर टाकून द्यायच्या आधी तिला तेवढे दिवस द्या.