सिप्रियानोने शेवटी टाकलेला सिनेमा

स्पेनमधल्या ताबेर्नास गावच्या बारमध्ये आम्ही सिनेमांतले जुने एक्स्ट्रा एका दिवंगत दिग्दर्शकाच्या काउबॉयपटांचे क्रमांक लावत होतो. सगळ्यांनी पहिला ठरवलेला सिनेमा सिप्रियानो मात्र हट्टाने शेवटी टाकत होता. त्यात माझा चेहरा जवळून दिसतो, त्याचा नाही. म्हणून जळतोय, असा माझा संशय.

"खरं सांग, पोटात दुखतंय ना तुझ्या?" मी विचारलं.

"त्यात घोडा कोसळतो, आठवतं?"

"वा! काय पडलाय!"

"पायांत तार अडकवून पाडला त्याला. माझा घोडा होता तो. परत उठलाच नाही."

मला तेही खरं वाटेना. मी बारवाल्या बाल्दोमेराकडे पाहिलं.

"खरंय," ती म्हणाली. "हाल बघवेनात म्हणून माझ्या वडिलांनीच गोळी घातली."

मग मीही तो सिनेमा शेवटी टाकला.