तीसच्या खुणेवर बावीस

मित्रांनो, मी एक जुनी पिचकारी आहे, वासरांना जंताचं औषध पाजायची. काचेची नळी, पितळी दांडा आणि वाकडी चोच. चरणाऱ्या वासरांच्या पोटात गवताबरोबर जंत जातात. ते मारायचं औषध मी त्यांच्या जिभेमागे सोडत असे. "हिच्यामुळे माझ्या गोठ्यात रोग नाही," असं गोठ्याचे मालक, आजोबा, आल्यागेल्याला सांगत. ते ऐकून मी फुगून जायचे.

दर महिन्याला तेच औषध, सगळ्या वासरांना. वजन कधी केलं नाही. आजोबा नजरेनंच अंदाज बांधत. पुढे माझ्या आतलं रबर झिजलं. औषध मागून त्यांच्या मनगटावर ओघळू लागलं.

"बाबा, ही गळतेय," सून म्हणाली.

"चार थेंबांनी काय होतंय?"

यंदा वासरं खंगू लागली. पातळ हगवण, राठ केस, जबड्याखाली सूज. आजोबांनी पुन्हा पुन्हा औषध पाजलं. तरी अकरातली चार गेली. शेवटी सुनेनं औषधाच्या आदल्या दिवशीचं आणि दहा दिवसांनंतरचं शेण गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतलं. दोन्हींत जंतांची अंडी जवळजवळ सारखीच निघाली.

"औषधच खोटं असणार," आजोबा म्हणाले.

"औषध खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या जंतांना ते आता लागू पडत नाही. सारखं तेच औषध, तेही कमी. साधे जंत मेले, चिवट तेवढे उरले. आता कुरणभर त्यांचीच पिल्लावळ आहे."

त्यांनी मला तीसच्या खुणेवर लावून पाणी मापात सोडलं. बावीसच आलं. आजोबा मापाकडे बघत राहिले. मला वाटलं, आत्ताच फुटून जावं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या जातीचं औषध दिलं, नवी पिचकारी दिली. पण उरलेल्या सातांतली ठिपकी कालवड तोवर उठेनाशी झाली होती. आजोबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"गिळ गं पोरी. एवढं गिळ."

औषध ओठांतून परत आलं. दुपारी ठिपकी गेली. उरलेल्या सहांना गुण येईल का, असं सुनेनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

सुनेनं कुरणाचं फाटक तारेनं बांधून टाकलंय. आत हिरवंगार गवत आहे, आणि ती सहा वासरं फाटकाशी उभी राहून हंबरतायत.

मित्रांनो, मला भंगारात टाका. पण तुमच्या गोठ्यात माझ्यासारखी एखादी असेल, तर आजच तिच्यातून पाणी सोडून मोजा.