दुखवट्याच्या घरातून उठताना

भीमेचा पूर ओसरला तसं वडगाव रासाईच्या भजनी मंडळानं ठरवलं, की ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं रोज एकानं जाऊन बसायचं. मंडळाचे म्होरके हौसरावआप्पा. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "देवाची मर्जी-बिर्जी बोलायचं न्हाई. आन् दुखवट्याच्या घरातनं निघताना 'येतो' म्हणायचं न्हाई. मुकाट उठायचं."

मंडळात पखवाज वाजवणाऱ्या मल्हारच्या वाट्याला अनसाबाईचं घर आलं. तिचा नवरा म्हस्कू मेंढरं सोडवायला गेला आणि नदीनं त्यालाच नेलं. मेंढरं तेवढी परत आली.

एका जागी बसणं मल्हारच्या रक्तातच नव्हतं. समोर पखवाज असता तर हात तरी गुंतले असते. तो गुडघा हलवी, पडक्या भिंतीखालच्या गाळाकडं बघे, उठे, पुन्हा बसे. चार दिवस झाले, बाई एका शब्दानंही बोलली नव्हती. हे कसलं सांत्वन, नुसती जागा अडवायची! त्याला स्वतःचाच राग आला. तो ताडकन उठला आणि जन्माच्या सवयीनं बोलून गेला, "येतो, मामी."

त्यानं जीभ चावली, पण तोंडातून शब्द गेला होता. शेजारच्या बाया चपापून त्याच्याकडं बघायला लागल्या.

अनसाबाईनं मान वर केली.

"ये," ती म्हणाली. "आमचं धनी मुकाट गेलं. तवापासनं समदी तशीच उठून जात्यात. तू उद्या ये. आन् येताना फावडं आण."