सूर्यकांतचा परवलीचा शब्द

"तेवढं सूर्यकांतचं नाव आज काढून टाक," प्रवीणकुमार दारातूनच म्हणाले. "माणूस गेला, आता किल्ली कशाला ठेवायची?"

विद्याश्रीने मान हलवली. मल्लेश्वरममधल्या त्या रेशमाच्या कंपनीने नुकतीच वेबसाइट काढली होती, आणि परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायच्या भावांचं पान कुलूपबंद ठेवलं होतं. आत कोणाला सोडायचं ते काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून ठरायचं. तिच्या आधी हे काम बघणाऱ्या सूर्यकांतनेच तिला ते शिकवलं होतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक अक्षर उमटत नसे, आणि नावांच्या फाइलीत तो जायचा तो निरर्थक अक्षरांचा गुंता होऊन. "हा गुंता उलटा सुटत नाही गे," तो सांगायचा. "माझा शब्द तुलासुद्धा कळायचा नाही."

पावसाळ्यात काविळीने तो गेला. तिने त्याच्याच सवयीप्रमाणे आधी फाइलीची प्रत बाजूला ठेवली, मग त्याची ओळ पुसली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरची नोंद उघडली तर ऐन जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी सूर्यकांतच्या नावाने आत यायला बघत होतं. प्रवेश नाकारला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नाकारला. प्रयत्न जिथून होत होता तो पत्ता होता कोपऱ्यातल्या त्याच्याच कॉम्प्युटरचा. तिने वळून पाहिलं. त्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती.

"जुना सर्व्हर आहे, बरळतो कधीकधी," प्रवीणकुमार म्हणाले. "पण बाहेरचा कोणी असला तर भाव फुटतील. स्वल्प बघ, जरा लक्ष ठेव. हे काम तुझ्याशिवाय कोणाला येतं?"

ती बघत राहिली. रोज तीच वेळ. दोनदा-तीनदा प्रयत्न, मग जरा थांबणं, मग पुन्हा. कुलूप का अडलंय ते न कळलेल्या माणसासारखं.

शनिवारी दुपारी त्याच्या खणातलं चष्म्याचं घर पोचवायचं निमित्त करून ती चामराजपेटेत गेली. सूर्यकांतची आई अंबुबाई घरात एकटीच होती. स्वयंपाकघरात दोन पानं वाढलेली. विद्याश्रीला वाटलं, कोणी पाहुणा असेल.

"बस गे," अंबुबाई म्हणाली. "तू आफिसातली ना? बरं झालं आलीस. तो आठवडाभर नीट जेवत नाही."

"कोण, मावशी?"

"सूर्या. म्हणतो, दार उघडत नाही. आधी उघडायचं, आता माझं नावच नाही म्हणतात." तिने समोरच्या पानात भातावर तूप घातलं. "मी म्हटलं, कुणीतरी चुकून केलं असेल. मुद्दाम कोण करेल?"

कॉम्प्युटर कसा असतो हेसुद्धा या बाईने कधी पाहिलेलं नव्हतं. मनाचे खेळ, दुसरं काय, असं विद्याश्रीने स्वतःला सांगितलं. तरी तोंडून निघून गेलं, "त्यांचा शब्द काय होता, मावशी?"

"मला काय ठाऊक? विचारते." अंबुबाईने रिकाम्या पाटाकडे तोंड केलं आणि कोणी हळू बोलणाऱ्याचं ऐकावं तशी मान कलती करून थांबली. बाहेरून एक रिक्षा गेली. "कनकांबर म्हणतो, अबोलीचं फूल," ती म्हणाली. "सरी, बरं, आता जेव रे. निवतंय."

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर विद्याश्रीने जुन्या प्रतीतली सूर्यकांतची ओळ उचलून पुन्हा फाइलीत ठेवली. मग कुलूपबंद पान उघडलं, त्याचं नाव लिहिलं आणि पासवर्डच्या जागी कनकांबर. चुकू दे, असं ती मनात म्हणत होती.

पान उघडलं.

समोर भावांचा तक्ता येऊन उभा राहिला. तिने सर्व्हरची नोंद पाहिली. तिच्या प्रवेशाखाली आणखी एक प्रवेश उमटला होता. तेच नाव, पत्ता कोपऱ्यातला. या वेळी नकार नव्हता.

जेवून आलेल्या प्रवीणकुमारांनी विचारलं, "त्या नावाचं काय झालं? अजून त्रास आहे काय?"

"नाही, सर," ती म्हणाली. "आता नाही."

ते आत गेले. विद्याश्री उठली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोणीतरी जुन्या फायली रचून ठेवल्या होत्या. त्या तिने उचलून कपाटात ठेवल्या, खुर्ची पदराने पुसली, आणि तिकडे पाठ न करता हळूहळू आपल्या जागी आली.